झडप बदलल्यानंतर बरे वाटू लागते, तेव्हाच काळजी सुटता कामा नये

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की घरचे लोक शल्यविशारदांचे आभार मानतात, भेटायला येणारे ‘आता चिंता मिटली’ असे म्हणतात आणि रुग्ण घरी जातो. हा आनंद खराच असतो आणि तो रुग्णाने कमावलेलाही असतो. परंतु हृदयशस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून आयुष्याची बरीच वर्षे काढल्यानंतर मला एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे आग्रहाने मांडावीशी वाटते. या रुग्णांच्या घरी गेल्यानंतरच्या काळाविषयी फार कमी बोलले जाते, आणि जे बोलले जाते ते बहुतेक पहिल्या दुखऱ्या आठवड्यांविषयी असते. त्या आठवड्यांत सगळे घर जागरूक असते. जखम दुखत असते, त्यामुळे गोळी कोणी विसरत नाही आणि तपासणीही कोणी चुकवत नाही. खरी चूक होते ती पुढे, धाप लागणे थांबते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि आपण कधी आजारी होतो हेही त्याला आठवेनासे होते तेव्हा. झडप बिघडून, रक्ताची गुठळी होऊन किंवा जंतुसंसर्ग होऊन पुन्हा दाखल झालेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतील अनेकजण असे मधल्या काळात उत्तम प्रकृती असलेले होते. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या घरच्यांविषयी हे पत्र आहे.

आपल्या हृदयातील चार झडपा दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा ताप झडपांना इजा करतो), वयोमानानुसार साचलेल्या कॅल्शियममुळे, जन्मजात दोषामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे त्यांतील एखादी इतकी खराब होते की ती नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही, आणि मग ती बदलावी लागते. 1960 साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार या शल्यविशारदांनी लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या साहाय्याने तयार केलेली, पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप माणसाच्या हृदयात यशस्वीपणे बसवली. तेव्हापासून या शास्त्राने फार मोठी मजल मारली आहे. 2002 साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळी नेऊन महाधमनीची झडप बसवण्याची सुरुवात केली. आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या झडपा वापरल्या जातात. कार्बनच्या दोन पाकळ्यांची यांत्रिक झडप, जिला बहुतेक लोक धातूची झडप म्हणतात, ती झिजत नाही. पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईगुरांच्या हृदयावरणापासून केलेल्या जैविक झडपेला, म्हणजे टिश्यू व्हॉल्व्हला, ही गोळी बहुधा पहिले तीन ते सहा महिनेच लागते, काहींना तर केवळ अॅस्पिरिनवर भागते. मात्र साधारण दहा ते पंधरा वर्षांत ती झडप झिजण्याची शक्यता असते.

कोणती झडप योग्य हे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात, त्यात मी पडत नाही. माझे म्हणणे इतकेच की आपल्या हृदयात कोणती झडप आहे आणि ती कोणत्या जागी आहे, हे प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ असले पाहिजे. ‘व्हॉल्व्हचे ऑपरेशन झाले’ एवढेच सांगणारे रुग्ण मी कितीतरी पाहिले आहेत. झडपेचा प्रकार, माप, अनुक्रमांक आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेले एक छोटे कार्ड रुग्णाला दिले जाते. ते कपाटातल्या फाइलमध्ये न ठेवता पाकिटात ठेवावे आणि त्याचे छायाचित्र घरातील दोघातिघांच्या मोबाइलमध्ये असावे. अपघातानंतर बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या माणसाविषयी अनोळखी डॉक्टरला सांगणारे ते कार्डच असते. एमआरआय करण्यापूर्वीही तेच दाखवावे लागते. हल्लीच्या बहुतेक झडपांना एमआरआयचा धोका नसतो, पण तपासणी करणाऱ्याला झडपेचे नेमके नाव कळणे आवश्यक असते.

पहिल्या तीन महिन्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्या सूचना रुग्णालयात बहुतेक ठिकाणी नीट दिल्या जातात. छातीचे मधले हाड कापून शस्त्रक्रिया झाली असेल तर ते हाड पोलादी तारांनी बांधलेले असते आणि ते पक्के जुळायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोपेक्षा जड वस्तू उचलू नये, जड दार ढकलू नये, पलंगावरून उठताना हातांवर भार न देता कुशीवर वळून उठावे, खोकताना किंवा शिंकताना छातीशी उशी घट्ट धरावी आणि वाहन चालवण्याची घाई करू नये. कडेवर घेण्याच्या वयाचे मूल घरात असेल तर हा नियम पाळणे आईला सर्वांत कठीण जाते, हे मी जाणते. म्हणून मूल मांडीवर आणून देण्याची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेली बरी. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून करावे आणि रोज थोडे वाढवावे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. एका दिवसात किलोभराहून अधिक किंवा तीन-चार दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नसून साचलेले पाणी असते आणि पायांना सूज दिसण्याच्या आधी काटा ते सांगतो. जखमेतून पाणी किंवा पू येणे, हाड हलल्यासारखे किंवा कडकड वाजल्यासारखे वाटणे, छातीची धडधड अनियमित होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे तिघांतील एकाला हृदयाची लय काही काळ बिघडण्याचा त्रास होतो. तो बहुधा पहिल्या आठवड्यात रुग्णालयातच होतो, पण घरी गेल्यावरही होऊ शकतो.

मनाच्या अवस्थेविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण ती कोणी विचारत नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी, जखम भरत आलेली असताना, रुग्ण एकाएकी रडू लागतो, चिडचिड करतो, रात्र रात्र जागतो, वाचलेले लक्षात राहत नाही अशी तक्रार करतो. एरवी खंबीर असलेला कुटुंबप्रमुख असा वागू लागला की घरचे गोंधळतात आणि ‘इतके चांगले ऑपरेशन झाले, आता कशाला रडायचे’ असे म्हणून त्याला गप्प करतात. हृदय उघडून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर उदासी येणे आणि काही आठवडे एकाग्रता कमी होणे हे फार सामान्य आहे. बहुतेकांचे ते आपोआप निवळते. ते निवळले नाही, भूक आणि झोप दोन्ही गेल्या, जगण्यात रस उरला नाही, तर त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही. यांत्रिक झडप बसवलेल्यांना त्यात आणखी एका गोष्टीची सवय करावी लागते. शांत खोलीत, विशेषतः रात्री, झडपेचा टिकटिक आवाज त्यांना ऐकू येतो, कधी शेजारी झोपलेल्यालाही येतो. तो आवाज म्हणजे झडप नीट चालत असल्याची खूण आहे, हे एकदा समजावून सांगितले की पुष्कळांची भीती जाते. पती-पत्नींनी शरीरसंबंध कधी सुरू करावेत हा प्रश्नही संकोचामुळे विचारला जात नाही. दोन जिने धाप न लागता चढता येऊ लागले आणि छातीवर भार येणार नाही याची काळजी घेतली, तर बहुतेक रुग्णांना साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर काही अडचण नसते. हे डॉक्टरांना विचारण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. यांत्रिक झडप असलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य एका छोट्या गोळीवर आणि एका रक्ततपासणीवर उभे असते. ती गोळी म्हणजे वॉरफेरिन किंवा तिच्याच गटातील असेनोकुमॅरॉल, आणि ती तपासणी म्हणजे आयएनआर. रक्त गोठवणारे काही घटक तयार करण्यासाठी यकृताला व्हिटॅमिन के लागते. ही गोळी त्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. तो वेळ निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळा येत असे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 साली आयएनआर ही सर्वांना समान अशी मोजणी स्वीकारली. निरोगी माणसाचा आयएनआर सुमारे 1 असतो. महाधमनीच्या जागी आधुनिक यांत्रिक झडप असेल आणि इतर धोके नसतील तर तो सामान्यतः 2 ते 3 दरम्यान, आणि मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या जागी, असेल तर 2.5 ते 3.5 दरम्यान ठेवतात. रुग्णाचा स्वतःचा नेमका आकडा त्याच्या डॉक्टरांनी ठरवलेला असतो आणि तो रुग्णाला माहीत असायलाच हवा. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊन झडप अडकू शकते किंवा ती गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. आकडा फार वर गेला तर शरीरात कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. आकडा घसरत असताना मात्र माणसाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, थकवा येत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही. म्हणूनच ‘मला बरे वाटते आहे, मग तपासणी कशाला’ हे वाक्य ऐकले की माझ्या काळजात धस्स होते.

गोळी सोडण्याची कारणे मी नाना प्रकारची ऐकली आहेत. वॉरफेरिन हे 1948 पासून उंदीर मारण्यासाठी वापरले गेले आणि 1954 पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले, ही गोष्ट खरी आहे. ती कुणाकडून तरी कानावर पडते आणि रुग्ण घाबरून गोळी बंद करतो. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा असतो, आणि ती मात्रा योग्य राहावी म्हणूनच तर आयएनआर पाहिला जातो, हे त्याला कोणीतरी वेळ देऊन सांगायला हवे होते. कुणी उपवासाच्या दिवशी गोळी चुकवतो, कुणी प्रवासाला निघताना ती घरी विसरतो, कुणाची चिठ्ठी जुनी झाल्यामुळे औषध मिळत नाही. अलीकडे आणखी एक कारण वाढले आहे. ‘तपासणी न करावी लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत’ असे रुग्ण कुठेतरी वाचतो आणि आपणही त्या घ्याव्यात असे त्याला वाटते. त्या गोळ्या इतर अनेक आजारांत उत्तम काम करतात, परंतु यांत्रिक झडपेसाठी त्या सुरक्षित ठरलेल्या नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या औषधाची यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे ती मध्येच थांबवावी लागली होती. अॅपिक्सॅबान या औषधाची विशिष्ट यांत्रिक झडपेसाठी चाललेली चाचणीही 2022 साली गुठळ्यांचे प्रमाण जास्त आढळल्यामुळे थांबवण्यात आली. तेव्हा यांत्रिक झडपेच्या रुग्णाने शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आपले औषध बदलून घेण्याचा विचारही करू नये.

गोळीबाबत काही बारीक गोष्टी आहेत, त्या वरवर क्षुल्लक वाटल्या तरी त्यांच्यामुळे माणसे दगावलेली आहेत. मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये लक्षात ठेवावी, ‘एक गोळी’ किंवा ‘अर्धी गोळी’ अशी नव्हे. दुकानदाराने या वेळी 2 मिलिग्रॅमऐवजी 5 मिलिग्रॅमची गोळी दिली, तर ‘एक गोळी’ घेणारा अडीचपट औषध घेतो आणि त्याला ते कळतही नाही. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. संध्याकाळची वेळ सोयीची असते, कारण सकाळी तपासणी झाली आणि मात्रा बदलायची ठरली तर ती त्याच दिवशी बदलता येते. गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवले तर घ्यावी; दुसऱ्या दिवशी आठवले तर कालची सोडून द्यावी, दुप्पट घेऊ नये, आणि वहीत तशी नोंद करावी. आज बदललेल्या मात्रेचा परिणाम आयएनआरमध्ये दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आकडा आवडला नाही की स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करणारा माणूस नेहमीच परिणामाच्या मागे धावत राहतो. वहीत तारीख, आयएनआर, मात्रा आणि मधल्या काळातले आजारपण किंवा नवे औषध, एवढे चार रकाने असले तरी पुरे. सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने आणि आकडा स्थिरावल्यावर महिन्याच्या आसपास तपासणी होते. बोटाच्या टोकावरील थेंबभर रक्तातून घरीच आयएनआर मोजणारे यंत्रही मिळते, आणि ज्यांना ते नीट शिकवले जाते त्यांना त्याचा मोठा आधार होतो.

आहाराविषयी जी भीती घातली जाते ती मला अनाठायी वाटते. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर असते हे खरे, परंतु त्या कायमच्या बंद करण्याची गरज नाही. गरज आहे ती प्रमाण सारखे ठेवण्याची. जो माणूस आठवड्यातून तीनदा पालेभाजी खातो त्याने ती तीनदाच खावी, त्याप्रमाणे त्याची मात्रा बसवली जाते. एखाद्या आठवड्यात अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, असे झाले की आकडा हेलकावे खातो. आहारापेक्षा कितीतरी मोठा गोंधळ इतर औषधे घालतात. जुलाबावर दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्साझोलसारखी काही प्रतिजैविके, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल आणि हृदयाच्या लयीसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन यांनी आयएनआर झपाट्याने चढतो. क्षयावरील रिफॅम्पिसिन आणि फिटवरील कार्बामॅझेपिन यांनी तो उतरतो. अंगदुखीवर सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल बरे, तेही थोडक्या दिवसांसाठी. वनस्पतीजन्य औषधे आणि शक्तिवर्धके ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक मानली जातात, पण त्यांतीलही काही आयएनआर हलवतात. ताप, उलट्या, जुलाब यांमुळे खाणे सुटले तरी आकडा वर जातो. नवे औषध सुरू झाले, बंद झाले किंवा दोन-तीन दिवस आजारपण आले, की तपासणीची तारीख अलीकडे आणावी, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ संकटे टळतील.

गोळीइतकेच महत्त्वाचे असूनही रुग्णांना जवळजवळ सांगितलेच जात नाही ते म्हणजे ताप आणि दात यांविषयी. कृत्रिम झडप यांत्रिक असो वा जैविक, छाती उघडून बसवलेली असो वा नळीतून, तिच्यावर रक्तातून आलेले जंतू घर करू शकतात. या आजाराला एंडोकार्डायटिस म्हणतात, तो प्राणघातक ठरू शकतो आणि त्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असला तरी तो पुढेही आयुष्यभर राहतो. त्याची सुरुवात अत्यंत साधी असते. संध्याकाळी थोडी कणकण, रात्री घाम, भूक कमी, वजन कमी, उगीचच थकवा. घरचे म्हणतात, हवा बदलली आहे. जवळचा डॉक्टर पाच दिवसांची प्रतिजैविके देतो, ताप उतरतो, औषध संपले की पुन्हा चढतो, मग दुसरे प्रतिजैविक दिले जाते आणि यात आठवडे निघून जातात. या अर्धवट उपचारांमुळे रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे कठीण होते आणि योग्य औषध निवडता येत नाही. म्हणून कृत्रिम झडप असलेल्या माणसाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला आणि त्याचे उघड कारण सापडले नाही, तर कोणतेही प्रतिजैविक घेण्यापूर्वी रक्ताचे कल्चर व्हायला हवे. माझी रुग्णांना आणि विशेषतः त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे की पहिली गोळी देण्याआधी हे एक पाऊल चुकवू नका. ‘डॉक्टर, मला कृत्रिम झडप आहे, आधी ब्लड कल्चर करायचे का?’ हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

या जंतूंची मोठी वाट तोंडातून जाते. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या असतील तर नुसते दात घासताना आणि चावतानाही जंतू रक्तात उतरतात, म्हणून दिवसातून दोनदा दात स्वच्छ करणे आणि दर सहा महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवणे हा झडपेच्या उपचारांचाच भाग आहे. दात काढणे, दातांचे मूळ साफ करणे, हिरड्यांखालचे कीटण काढणे अशा उपचारांपूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते. पेनिसिलिनची अॅलर्जी नसलेल्या प्रौढ व्यक्तीला सामान्यतः 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन उपचारापूर्वी अर्धा ते एक तास आधी दिले जाते. येथे आणखी एक घोटाळा नेहमी होतो. दात काढायचा म्हणून रुग्ण स्वतःच चार-पाच दिवस आधी रक्त पातळ करणारी गोळी बंद करतो, कधी दंतवैद्यच तसे सांगतात. आयएनआर मर्यादेत असेल तर एखादा दात गोळी चालू ठेवून, जागच्या जागी रक्त थांबवण्याचे उपाय करून काढता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबवावीच लागली, तर तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आणि मधल्या दिवसांत हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनची, गरज आहे का हे ठरवून घ्यायचा असतो. हिरडीतून येणारे रक्त दाबून थांबवता येते, पण झडपेवर झालेली गुठळी तशी काढता येत नाही.

ज्यांची झडप ऱ्हुमॅटिक तापामुळे खराब झाली होती, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे. दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडप बदलली म्हणून आपोआप बंद होत नाही. हृदयातील उरलेल्या झडपा त्याच तापाला पुन्हा बळी पडू शकतात. ते किती वर्षे घ्यायचे हे डॉक्टर ठरवतात, काहींना ते फार दीर्घकाळ लागते. हे इंजेक्शन स्नायूत दिले जात असल्यामुळे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे देणाऱ्याला सांगावे आणि नंतर त्या जागी बराच वेळ दाबून धरावे.

तरुण स्त्रियांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. यांत्रिक झडप असलेल्या कितीतरी मुली विवाहानंतर, दिवस गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी प्रथम तपासणीला येतात. वॉरफेरिनचा गर्भावर सर्वाधिक वाईट परिणाम होण्याचा काळ गर्भारपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यातला असतो, म्हणजे तो तोवर जवळजवळ उलटून गेलेला असतो. उलट दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी परस्पर बंद केली तर आईच्याच झडपेवर गुठळी होते, कारण गर्भारपणात रक्त एरवीपेक्षा अधिक गोठते. यातून मार्ग काढता येतो. मात्रा कमी असेल तर काही वेळा तीच गोळी चालू ठेवतात, काही वेळा ठरावीक आठवडे हेपॅरिनची इंजेक्शने देतात. पण प्रत्येक मार्गाला काटेकोर देखरेख लागते आणि निर्णय गर्भधारणेच्या आधी व्हावा लागतो. म्हणून मूल हवे असा विचार मनात येताच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांनाही भेटावे, आणि तोवर कोणते गर्भनिरोधक वापरायचे तेही त्यांनाच विचारावे. मासिक पाळीत रक्तस्राव फार होऊ लागला तर तो सोसत बसू नये. आपल्या मुलीची शस्त्रक्रिया सासरी कळू नये म्हणून तिच्या गोळ्या लपवून ठेवायला सांगणारे आईवडील मी पाहिले आहेत. त्यांची भीती मी समजू शकते, पण लपवलेली गोळी चुकते, आणि चुकलेल्या गोळीची किंमत ती मुलगी मोजते.

काही प्रसंगी मात्र फोन करून विचारत बसण्याइतकाही वेळ नसतो. एकाएकी तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडे बोलणे. एकाएकी धाप लागणे आणि त्याच वेळी झडपेची नेहमीची टिकटिक मंद होणे किंवा ऐकूच न येणे. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी किंवा न थांबणारा रक्तस्राव. आणि डोक्याला लागलेला मार, मग तो कितीही किरकोळ वाटो. या शेवटच्या बाबतीत फार गाफीलपणा होतो. पडलेला माणूस उठून बसतो, बोलतो, जेवतो, म्हणून त्याला घरीच झोपवले जाते. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या कवटीत हळूहळू साचणारे रक्त काही तासांनी, कधी काही दिवसांनी लक्षणे दाखवते. तो बरा दिसत असला तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि पोचताच गोळीचे नाव सांगावे.

जैविक झडपेच्या रुग्णांना गोळीची कटकट कमी, म्हणून तपासणीलाही सुट्टी, असे वाटू लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ही पुढच्या सगळ्या तुलनेची आधाररेषा असते, ती जपून ठेवावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने इको करत राहावे. ती झडप हळूहळू झिजते आणि माणूस नकळत आपले चालणे तिच्या बेताने कमी करत जातो. ‘वय झाले, आता जिना नको’ असे म्हणणाऱ्या माणसाचे वय झालेले असते की झडप, हे इकोवाचून कळत नाही. वेळेवर कळले तर काहींना जुन्या झडपेत नळीतून नवी झडप बसवता येते, आणि दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेतून ते वाचतात.

संपादक महोदय, रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी यासाठी काही मोठा खर्च करावा असे माझे म्हणणे नाही. रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाच्या आणि वाहनाच्या धावपळीत, पाच मिनिटांत उरकलेल्या सूचना कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. त्या एक-दोन दिवस आधी, रुग्ण आणि घरातील गोळ्यांची जबाबदारी घेणारी व्यक्ती यांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत सांगाव्यात आणि त्यांच्याकडून त्या परत वदवून घ्याव्यात. तुमचा आयएनआर किती हवा, गोळी किती मिलिग्रॅमची, ताप आला तर आधी काय करायचे आणि दात काढण्यापूर्वी कोणाला विचारायचे, या चार प्रश्नांची उत्तरे त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिल्याशिवाय सुटीच्या कागदावर सही होऊ नये. ज्या विभागात आम्ही हे नेमाने करू लागलो, तेथे घरून येणारे घाबरे फोन कमी झाले आणि जे आले ते वेळेवर आले. आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पानावर अशा रुग्णांसाठी एखादी कायमची चौकट, विशेषतः ताप आणि आयएनआर यांविषयीची, अधूनमधून प्रसिद्ध करता आली तर ती कात्रण म्हणून अनेक घरांतील औषधांच्या डब्यावर चिकटवली जाईल. तिचा मजकूर तपासून देण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ आपल्याला सहज मिळतील, आणि तो सोप्या भाषेत मांडण्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त परिचारिकांनी मदत करायची असेल तर मी आनंदाने तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका